आठव्या आकड्याची गळती

सुनेत्रा कर्णिकचं डोकं तापलं की ती गप्प बसत नाही, हे अंबरनाथच्या एमआयडीसीत त्या गल्लीतल्या चहावाल्यालासुद्धा ठाऊक होतं. पण सत्याऐंशी साली, दसऱ्यानंतरच्या सोमवारी ती गप्प बसली होती आणि म्हणून वर्कशॉपमधली माणसं जास्त घाबरली होती. समोर टेबलावर तिनं सात महिने राबून बनवलेलं सर्किटचं कार्ड होतं. टेबलाच्या पलीकडे पाणीखात्याचे म्हात्रे साहेब बसले होते. आणि कार्ड, मेलं, साहेबांच्या तोंडावर खोटं बोलत होतं.

"चारशे," इंदुबाईनं डिस्प्लेवरचा पहिला आकडा वाचला. इंदुबाई म्हणजे वर्कशॉपची सगळ्यात जुनी कामगार. सोल्डरिंगला तिचा हात धरणारा अख्ख्या अंबरनाथात कुणी नव्हता. "शहाण्णव... म्हंजे तीनशे शहाण्णव. तीनशे ब्याण्णव. तीनशे अठ्ठ्याऐंशी..." तिचा आवाज आकड्याबरोबर खाली खाली जात होता. आठव्या आकड्याला ती पुटपुटली, "तीनशे एकाहत्तर."

आठही ठिकाणी तपासणीचा एकच दाब दिलेला होता; म्हणजे चारशेच यायला हवे होते. दोनचा फरक चालेल असं करारात लिहिलं होतं. इथं एकोणतीसचा होता.

म्हात्रे साहेबांनी चष्मा काढून पुसला. माणूस तोंडानं गोड, पण कागदाला कडक. "विष्णुपंत, पुढच्या सोमवारी जांभूळला ट्रायल आहे. तोवर सुधारा. आणि हे असं का झालं, त्याचं कारण मला लेखी पाहिजे. दोन दिवसांत."

साहेब गेले. विष्णुपंत, म्हणजे वर्कशॉपचे मालक, आपल्या काचेच्या खोलीत शिरले आणि त्यांनी सुनेत्राला आत बोलावलं.

"हे बघ सुनेत्रा, तू तीन वर्षं डोकं खाल्लंस, मला टेस्टिंगवरून काढा, डिझाइनला बसवा. बसवलं. आता स्पष्ट सांगतो. ठाण्याचा एक कन्सल्टंट मी बघून ठेवलाय. सोमवारी फसलं तर मंगळवारपासून डिझाइन त्याच्याकडे आणि तू पुन्हा टेस्टिंगच्या टेबलावर. मग कायमचंच. रागावू नकोस."

"रागावले नाही," ती म्हणाली. साफ खोटं. तिच्या कानशिलाला आग लागली होती. सात महिने ती डिझाइन करत होती, पण हजेरीच्या रजिस्टरात तिच्या नावापुढे अजून 'टेस्टिंग असिस्टंट' असंच होतं. पंत म्हणायचे, कार्ड पास होऊ दे, मग बघू. ह्या 'मग बघू'चं काय करायचं ते ज्याचं त्यानं समजावं.

आता ह्या कार्डाचं काम काय, ते सांगायला हवं. फार अवघड नाही. जांभूळच्या पाण्याच्या केंद्रावर आठ पंप होते. आठही पंपांचा दाब एकाच क्षणी किती होता, ते साहेबांना हवं होतं. कारण एक पंप जोर करतो तेव्हा शेजारचा काय करतो हे त्याशिवाय कळत नाही. पण दाबाचा आकडा बनवणारा कन्व्हर्टर एकच आणि तोही सावकाश. एका आकड्याला सेकंदाचा दहावा हिस्सा घेणार. आठव्यापर्यंत पोचेतो पाऊण सेकंद जाणार आणि तेवढ्यात पंपाचा दाब हलून मोकळा. मग आठ दाब एका क्षणाचे कसे म्हणायचे?

म्हणून प्रत्येक पंपासाठी एक छोटा कॅपॅसिटर, जुन्या भाषेत कंडेन्सर. दाबाप्रमाणे वीज येते. स्विच क्षणभर जोडला की कॅपॅसिटर तेवढा भरतो. स्विच तोडला की तो तेवढंच धरून बसतो. बाहेर पंप नाचू दे नाहीतर बंद पडू दे, ह्यानं हलायचं नाही. इंजिनिअर लोक ह्याला सॅम्पल अँड होल्ड म्हणतात. घ्या आणि धरा. कन्व्हर्टर मग सवडीनं एकेकाकडे जाऊन विचारतो, बाबा रे, तुझ्याकडे किती? इंदुबाईचं माहेर बारवी धरणाकडलं; तिनं ह्या आठ चंदेरी कॅपॅसिटरांना 'धरणं' असं नावच पाडलं होतं. आणि सुनेत्रानं वर्कशॉपमधल्या सगळ्या बायकांना एकत्र करून बजावलं होतं की, "ह्या आठांवर आपलं सगळं आहे. ह्यांना जपा."

दसऱ्याच्या आधी, खंडेनवमीच्या आदल्या दिवशी, आठही चारशे दाखवत होते. नवमीला मशिनांची पूजा झाली, पेढे वाटले, दोन दिवस सुट्टी झाली. आणि सोमवारी ही अवकळा.

सोमवारची दुपार सुनेत्रानं वाया घालवली नाही. सगळे म्हणत होते, जोडणी ढिली असेल, आठव्याचा आयसी गेला असेल. पण तिला आकड्यांची ती उतरंड खटकत होती. बिघाड एका जागी असता तर एकच आकडा चुकला असता. हे तर पायऱ्या उतरल्यासारखे ओळीनं उतरत होते. तिनं कन्व्हर्टरचा क्रमच उलटा केला: आधी आठवा, शेवटी पहिला.

"वाचा हो इंदुबाई."

"आठवा चारशे!" इंदुबाई चमकली. "सातवा तीनशे शहाण्णव... आन् पयला तीनशे एकाहत्तर. अगं बया, ही काय भुताटकी?"

"भुताटकी नाही. गळती आहे. ज्याला जास्त वेळ थांबावं लागतं, त्याचं जास्त गळतं." सुनेत्राला बरं वाटलं. आयसी धड, जोडणी धड. घेतात बरोबर, धरत नाहीत. आणि धरायचं काम कुणाचं? कॅपॅसिटरचं. कॅपॅसिटर कुणाकडून आणले? उल्हासनगरच्या टेकचंदशेठकडून. झालं! तिच्या डोक्यात तिथंच निकाल लागला आणि एकदा निकाल लागला की ती बाई कुणाच्या बापाचं ऐकत नाही.

मंगळवारी सकाळी तिनं आठही कॅपॅसिटर उपटले, कागदात बांधले आणि थेट उल्हासनगर गाठलं. कॅम्प तीनमध्ये टेकचंदशेठचं दुकान; स्पेअर पार्टच्या खणांनी छतापर्यंत भरलेलं. दुकानात सात-आठ गिऱ्हाइकं होती. सुनेत्रानं पुडी काउंटरवर आपटली.

"शेठ, हा काय माल दिलात? सगळे गळके! आमचं नाव घालवलंत!"

टेकचंदशेठ साठीचा माणूस. पांढरा लेंगा, कानावर पेन्सिल. त्यानं पुडी उघडली, एक कॅपॅसिटर उजेडात धरला. "बेटी, हा माल मी स्वतः बघून घेतला आहे. ओरिजिनल है. इधर मीटर है, लावून बघूया ना."

"तुमच्या मीटरवर तुमचाच माल पास होणार! उल्हासनगरचा माल कसा असतो ते सगळ्या मुंबईला माहीत आहे."

गिऱ्हाइकांतला एक जण फिसकन हसला. टेकचंदशेठनं पेन्सिल काढली, पुन्हा कानावर ठेवली. तो एवढंच बोलला, "जशी तुमची मर्जी." सुनेत्रा तरातरा बाहेर पडली आणि दुसऱ्या दुकानातून आठ नवे कॅपॅसिटर घेऊन आली.

इंदुबाईनं ते बसवले, सोल्डरचा चिकटा राहू नये म्हणून नेहमीच्या सवयीनं कार्ड स्पिरिटनं घासून पुसलं, आणि कार्ड सुरू केलं. चारशे, चारशे, चारशे. आठव्यांदा चारशे. बायकांनी टाळ्या वाजवल्या. विष्णुपंतांनी भजी मागवली. त्यांनी लगोलग म्हात्रे साहेबांना पत्र टाइप करून माणसाहाती पाठवलं: पुरवठादार टेकचंद यांचा माल निकृष्ट निघाला, तो बदलला आहे, कार्ड निर्दोष आहे. सुनेत्रानं पत्र वाचलं आणि मान डोलावली. तेव्हा तिला ते खरंच वाटत होतं.

बुधवारी सकाळी साडेनऊला ती डिस्प्लेसमोर बसली होती. कार्ड चालू, आकडे चारशेला खिळलेले. तेवढ्यात इंदुबाई हातात वाटी घेऊन आली. डोक्यावरून पदर, चेहरा प्रसन्न.

"ताई, जरा सरका. ही नवी आलीत ना, ह्यांचं राह्यलंय."

"काय राहिलंय?"

"अवं पूजा! नवमीला जुन्यांना लावलं होतं. तुमीच म्हणाला व्हता ना, ह्या आठांवर सगळं हाय म्हणून? मंग मी एकेकाला मोजून लावलं. दुसऱ्या कुठल्या कंडिसरला नाय लावलं." आणि बोलता बोलता तिनं ओल्या हळदीकुंकवाचं बोट पहिल्या कॅपॅसिटरला टेकवलं, मग दुसऱ्याला, मग तिसऱ्याला. बोट सराईत, टिकली कॅपॅसिटरवर आणि थोडी त्याच्या पायांशी कार्डावर.

डिस्प्लेवरचा पहिला आकडा हलला. मग दुसरा कोसळला. तिसरा तर शंभराच्याही खाली गेला.

सुनेत्राच्या हातातली वही खाली पडली.

आता तुम्ही म्हणाल, आठ टिकल्या त्या बाईला सोमवारी दिसल्या नाहीत? दिसल्या. पण लेथला टिकली होती, ड्रिलला होती, वजनकाट्याला होती, पंतांच्या फोनलासुद्धा होती. दसऱ्यानंतर ज्याला टिकली नाही अशी वस्तू वर्कशॉपात शोधून सापडली नसती. ती लहानपणापासून हे बघत आली होती. मंगळवारी तिनं टिकलीसकट कॅपॅसिटर उपटले, टिकलीसकट कागदात बांधले, आणि तरी तिच्या मनात काही आलं नाही. टेकचंदशेठनं उजेडात धरलेल्या कॅपॅसिटरवरही कुंकू होतं, हे तिला आत्ता आठवलं, आणि तिला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

नवमीची टिकली वाळली होती, म्हणून गळती थोडी होती; ऑक्टोबरची दमट हवा तिला पुरती वाळू देत नव्हती. आजची टिकली ओली, म्हणून धरण फुटल्यासारखंच झालं. कॅपॅसिटर जुनेही चांगले होते आणि नवेही. मंगळवारी कार्ड सुधारलं ते नव्या मालानं नाही, इंदुबाईच्या स्पिरिटच्या बोळ्यानं.

इंदुबाईला सगळं कळलं नाही, पण आकडे कळले. तिनं वाटी पदराखाली लपवली. "माझ्या हातानं घात झाला का ताई? मला काढतील का?"

"तुम्ही काही केलं नाही," सुनेत्रा म्हणाली. "मी जपा म्हणाले, तुम्ही जपलंत. चूक माझी. बोटभर ओल सहन होत नाही असं कार्ड मी बनवलं."

विष्णुपंत आले, त्यांना सांगितलं. त्यांनी कपाळावर हात मारला आणि मग चक्क हसले. "एवढंच ना? पुस ते. पुढल्या दसऱ्याला दाराला हार घाला आणि कार्डाला हात लावू नका. विषय संपला!"

"संपला नाही साहेब. पंपघर बघितलंत ना? भिंतींना बारा महिने ओल. ह्या टिकलीनं आज जे दाखवलं ते तिथली ओल आणि धूळ पुढच्या श्रावणात दाखवणार."

"श्रावणातलं श्रावणात बघू. सोमवारी कार्ड पास होतंय, मग तुझ्या पोटात का दुखतंय?"

"कारण श्रावणात ते फसलं की तुम्ही ठाण्याच्या माणसाला बोलावणार, आणि तो म्हणणार, बाईनं बनवलं होतं ना, मग असंच होणार!" तिचा आवाज बाहेरपर्यंत गेला. बाहेरची टकटक थांबली. "मला चार दिवस द्या. टिकली लावून चालेल असं कार्ड मी तुम्हाला देते. नाही दिलं तर मी स्वतः जाऊन टेस्टिंगच्या टेबलावर बसेन."

विष्णुपंतांनी बोटांवर सोमवारपर्यंतचे दिवस मोजले. माणूस वाईट नव्हता; नुसता भित्रा होता. "कर. पण एक लक्षात ठेव. टेकचंदचं पत्र गेलंय ते गेलंय. आता साहेबांपुढे कुंकवाबिंकवाचं नाव काढलंस तर आपण लेखी खोटं दिलं असं होईल. तोंड बंद."

ती स्पिरिटचा बोळा घेऊन कार्डाकडे वळली.

त्याच दुपारी ती पुन्हा कॅम्प तीनला गेली. मुद्दाम गर्दीच्या वेळेला. चारचौघांत शेण फेकलं होतं, तर ते उचलायचंही चारचौघांतच, असं तिचं म्हणणं. "शेठ, तुमचा माल चांगला होता. चूक आमची होती. मी काल जे बोलले ते बोलायला नको होतं. माफ करा."

टेकचंदशेठनं हातातली पावती पुरी केली. मग खणातून एक कागद काढून तिच्यापुढे ठेवला. पंतांच्या पत्राची नक्कल होती. पाणीखात्याचा शिपाई सकाळीच देऊन गेला होता. खाली शेरा होता, नाव पुरवठादारांच्या यादीतून कमी करणं विचाराधीन.

"माफी तर मी दिली, बेटी," तो म्हणाला. "पण ह्या चिठ्ठीचं काय? पंचवीस वर्षं झाली ह्या दुकानाला. बाप फाळणीत उधरसे खाली हाथ आला होता. इथं आमच्या मालाला लोक आधीच हसतात. ही चिठ्ठी कोण परत घेणार?"

तिनं बारीक तांब्याच्या तारेचं एक रीळ घेतलं आणि बाहेर पडली. वाटेत तिच्या डोळ्यांत पाणी आलं. ते तिनं रागानंच पुसलं.

पुढचे चार दिवस वर्कशॉपमध्ये दुसरं काही झालंच नाही. युक्ती नवी नव्हती. आयसीच्या जाड्या माहितीपुस्तकात शेवटच्या पानांवर चार ओळीत दिलेली होती, जी सुनेत्रानं सात महिन्यांत एकदाही नीट वाचली नव्हती. प्रत्येक कॅपॅसिटरच्या ज्या पायाशी वीज धरलेली असते, त्या पायाभोवती तांब्याचं एक कडं करायचं. आणि त्या कड्याला बाहेरून विजेचा तेवढाच दाब द्यायचा, जेवढा आत धरलेला आहे. आत चारशे, तर कड्यावरही चारशे. आत दोनशे, तर कड्यावर दोनशे.

"मंग त्यानं काय हुतंय?" इंदुबाईनं विचारलं. ती कार्डावर वाकून ब्लेडनं तांब्याची जुनी वाट कापत होती.

"ओल आली तरी गळती होत नाही. वीज जास्तीकडून कमीकडे वाहते. शेजारी तेवढीच असेल तर ती जाणार कुठे?"

इंदुबाईनं मान वर केली. "खेकड्यानं बांध फोडला तरी पलीकडच्या वावरात पाणी तेवढंच उभं असलं, तर आपलं भात कोरडं पडत नाय. तसंच ना?"

"तसंच."

"मंग एवढ्यासाठी इंग्रजी पुस्तक कशाला पायजे हुतं?" इंदुबाई म्हणाली, आणि बुधवारनंतर पहिल्यांदा दोघी खळखळून हसल्या.

हसणं सोपं, काम सोपं नव्हतं. केसासारखी तार कड्यासारखी वाकवायची, ती कार्डाला घट्ट बसली पाहिजे आणि आतल्या पायाला चिकटता कामा नये. अशी आठ कडी. पहिलं कडं तीनदा तुटलं. गुरुवारी संध्याकाळी चौथं बसलं तेव्हा लक्षात आलं की दुसरं आतल्या पायाला टेकलंय, ते उपटलं. शुक्रवारी कड्याला दाब देणारा आयसीच जरा वर दाखवायला लागला, तो बदलला. शनिवारी अर्ध्या दिवसाला सुट्टी होते, पण इंदुबाई डबा सोडून कार्डाशीच बसली. "मी बिघडवलं नाय म्हणता ना तुमी? मंग मी घडवणार तरी," म्हणाली. रविवारी दुपारी आठही कडी बसली. ओल्या टिकलीवर चाचणी घेतली, तर आठवा आकडा कधी तीनशे नव्याण्णव, कधी अठ्ठ्याण्णव. हद्दीच्या अगदी काठावर. सुनेत्रानं कपाळ पुसलं. तिला ठाऊक होतं की तीनशे सत्त्याण्णव आला तर सगळं मातीत.

सोमवारी जांभूळला पंपघरात आठही पंप घरघरत होते. भिंतीवरून ओघळ उतरलेले, बाकावर बसावं तर पाठ ओली. विष्णुपंत नवा शर्ट घालून आले होते. इंदुबाईला सुनेत्रानं हट्टानं आणलं होतं; आकडे वाचायला. म्हात्रे साहेबांनी आधी आठही ठिकाणी तपासणीचा एकच दाब दिला. इंदुबाईनं खणखणीत आवाजात आठ वेळा चारशे वाचलं. मग खरे पंप जोडले, एक पंप मध्येच बंद करून बघितला, आकडे कागदावर उतरवले. साहेब खूश झाले.

"उत्तम! आता फक्त फाइल पुरी करू." त्यांनी पंतांचं पत्र काढलं. "निकृष्ट माल पुरवणाऱ्याचं नाव यादीतून काढायचंय, त्याला कार्ड बनवणाऱ्याची सही लागेल. करा सही, बाई."

पेन तिच्यापुढे आलं. विष्णुपंत तिच्याकडे बघत नव्हते. ते पंपाकडे बघत होते. सही केली की कार्ड पास. टेस्टिंगचं टेबल कायमचं सुटलं. एक सही, आणि ती सही फक्त टेकचंदला नडणार होती.

"मी ही सही करणार नाही, साहेब," सुनेत्रा म्हणाली.

"म्हणजे?"

"ह्या पत्रातलं कारण खोटं आहे. माल चांगला होता. नवमीच्या पूजेत आमच्याकडे कॅपॅसिटरना हळदीकुंकू लागलं आणि त्यातून गळती झाली. लावणाऱ्याची चूक नाही. एवढ्याशा ओलीनं गळेल असं कार्ड मी बनवलं, ही माझी चूक. ती मी नंतर सुधारली."

विष्णुपंतांच्या तोंडाचं पाणी पळालं. म्हात्रे साहेबांनी पत्र टेबलावर ठेवलं, आणि त्यांचा गोड आवाज गेला. "म्हणजे मला लेखी खोटं दिलंत? आणि आता म्हणता सुधारलंय. एकदा खोटं दिलेल्या माणसाचं दुसऱ्यांदा मी का ऐकावं? हे कार्ड मी इथल्या इथं नापास करू शकतो."

"माझं ऐकू नका साहेब. कार्डाचं ऐका." तिनं कार्ड त्यांच्याकडे सरकवलं. "ओला हात लावून बघा. तुम्हाला हवा तिथं."

म्हात्रे साहेब उठले. भिंतीवरच्या ओघळात त्यांनी अंगठा भिजवला. त्या ओघळात पाणी होतं, चुन्याची माती होती, कुणास ठाऊक काय काय होतं. आणि आठव्या कॅपॅसिटरच्या पायाशी, बरोबर कड्यावर, त्यांनी अंगठा दाबला.

"आता उचलून घ्या साहेब," सुनेत्रा म्हणाली. "तुम्ही स्वतः जमिनीवर उभे आहात, हात ठेवलात तर तुमच्यातूनच गळेल. ओल राहू द्या."

साहेबांनी अंगठा उचलला. कार्डावर मातकट ओला ठसा राहिला. तिनं बटण दाबलं.

"पयला चारशे," इंदुबाई म्हणाली. "दुसरा चारशे. तिसरा चारशे." साहेब पुढे वाकले. पाऊण सेकंदात डिस्प्लेनं आठ आकडे धरले होते, पण इंदुबाई ते एकेक करून, देवापुढे वाती लावाव्यात तशी वाचत होती. "सातवा चारशे." आणि मग ती थांबली.

"वाचा," सुनेत्रा म्हणाली.

"तीनशे नव्याण्णव, ताई."

म्हात्रे साहेबांनी स्वतः वाकून आकडा वाचला. पुन्हा बटण दाबायला लावलं. तीनशे नव्याण्णव. तिसऱ्यांदा दाबायला लावलं. तीनशे नव्याण्णव. मग ते खुर्चीवर बसले, चष्मा पुसला, आणि पंतांचं पत्र उभं फाडून त्याचे दोन तुकडे केले.

"कार्ड पास. पण फाइलला कारण पाहिजे, आणि ह्या खेपेस खरं. आत्ता, इथंच लिहून द्या. विष्णुपंत, तुम्ही लिहिताय?"

विष्णुपंतांनी खिशातलं पेन काढलं, हातात धरलं, आणि सुनेत्रापुढे केलं. "तूच लिही. तुझं तुलाच ठाऊक."

ती ओल्या बाकावर बसली आणि साहेबांनी फाइलमधून काढून दिलेल्या छापील कागदावर लिहायला लागली. पुरवठादार टेकचंद यांच्या मालात दोष नव्हता. दोष कार्डाच्या आराखड्यात होता. आराखडा माझा होता. अक्षर सरळ येत होतं. खाली तिनं सही केली: सुनेत्रा कर्णिक. सहीखाली हुद्दा लिहायची रेघ होती. तिथं ती क्षणभर थांबली, मग तिनं लिहिलं, 'डिझाइन इंजिनिअर'.

कागद आधी विष्णुपंतांनी वाचला. वरपासून खालपर्यंत, हुद्द्यासकट. त्यांनी त्यातलं एक अक्षर खोडलं नाही. घडी घातली आणि म्हात्रे साहेबांच्या हातात दिली.